दगडूकाकांच्या ओल्या खुर्च्या

दगडूकाकांच्या घरात सतरा खुर्च्या होत्या आणि आल्यागेल्याला बसायला एकही नव्हती. सगळ्या कायम ओल्या. तुम्ही टेकणार एवढ्यात आतून आरोळी यायची, "हां हां! गीला हाय!" मग तुम्ही अवघडून उभे, काका हातात ब्रश घेऊन उभे, आणि खुर्च्या तेवढ्या ऐटीत मांडलेल्या. दोन मिनिटं हवापाण्याचं बोलून माणूस निघून जायचा.

आमची घरं गुलमंडीमागच्या बोळात समोरासमोर. काका मूळचे सोयगावकडचे. कचेरीत जमादार होते, म्हणजे तीस वर्षं साहेबाच्या दाराशी उभे. निम्मी निजामाच्या अमलात, निम्मी नंतरच्या सरकारात. पोलीस ॲक्शननंतर साहेब बदलले, कागदावरची उर्दू जाऊन मराठी आली, कचेऱ्या या इमारतीतून त्या इमारतीत हलल्या आणि जुनं लाकूडसामान कुठं कुठं फिरत शेवटी शहागंजच्या जुन्या बाजारात येऊन पडलं. रिटायर झाल्यावर काका तिथं रोज हजेरी लावायचे. पाठ मोडलेली, वेत फाटलेला, तीनच पायांची, अशी खुर्ची दिसली की डोक्यावर घालून घरी. मग मोडलेलं सांधायचं, भेगा लांबीच्या लगद्यानं बुजवायच्या, घासकागदानं घासायचं आणि रंगाचा पहिला हात द्यायचा. शेवटचा हात मात्र मी कधीच पाहिला नाही.

प्रत्येक खुर्चीचा पूर्वीचा हुद्दा आपल्याला ठाऊक आहे, असा त्यांचा दावा होता. "तहसीलदाराला जरा भिंतीकडं सरकव." "मुन्सफ लंगडायलाय, बघ." रंगही हुद्द्याप्रमाणे. तहसीलदार लालभडक, मुन्सफ आकाशी, पेशकार पोपटी. एकच खुर्ची गुलाबी होती. ती कुणाची, असं मी एकदा विचारलं.

"बेगमसाहेबाची," काका आवाज खाली आणत म्हणाले. "तिच्यासमोर तहसीलदार बी उभा ऱ्हायचा."

पॉलिशचा त्यांना मनापासून तिटकारा. "पॉलिश झूट, रंग सच," हे त्यांचं ब्रीद. शेजारच्या वकीलबाईंना ते माहीत नव्हतं. त्यांनी आपल्या सासऱ्यांची शिसवी खुर्ची हलणारा पाय बसवायला म्हणून काकांकडं दिली आणि चार दिवस लेकीकडं गेल्या. परत आल्या तर पाय घट्ट बसलेला, आणि खुर्ची नखशिखांत पोपटी.

"अहो, शिसव होतं हो ते!" बाई रडकुंडीला आल्या.

"व्हय, पण अंधारात दिसत नव्हतं," काका शांतपणे म्हणाले. "आता दिसायलंय."

वकीलबाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं पांढरं मांजरही बेगमसाहेबाला अंग घासून आल्यापासून गुलाबी शेपटीनं बोळभर हिंडत होतं, पण त्याचा राग मांजरानं धरला नाही.

माझीही एक तक्रार आहे. खुलताबादच्या शाळेत मास्तरकीची मुलाखत होती. निघताना काकांच्या पाया पडायला गेलो आणि नेमका वाकून उठताना मागं पेशकारावर टेकलो. मुलाखत उत्तम झाली. उठून दाराकडं वळलो, तर मागं तिन्ही परीक्षक एकदम खोकायला लागले. माझ्या पांढऱ्या विजारीवर चार पोपटी पट्ट्या अशा सरळ उठल्या होत्या की पट्टीनं आखाव्यात. नोकरी लागली, आणि त्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत पोपटमास्तरच राहिलो. काकांना सांगितलं तर म्हणाले, "बघ, रंगानं काम केलं!"

"काका, एकदा वाळू तरी द्या," मी चिडून म्हणायचो.

"वाळला की फिका दिसतो," ते म्हणायचे आणि परत डब्यात ब्रश बुडवायचे.

हेच घर काकूंच्या वेळी वेगळं होतं. संध्याकाळी निम्मा बोळ तिथं जमायचा. खुर्ची एकही नव्हती, एक विटकी सतरंजी होती. काकू शेंगा भाजायच्या आणि बायामाणसं, पोरंसोरं मांडीला मांडी लावून बसायची. काकू गेल्या, दहाव्या-तेराव्यापर्यंत माणसं आली आणि मग हळूहळू यायची थांबली. पहिली खुर्ची त्या वर्षीच घरात आली. हे दोन्ही मला ठाऊक होतं, पण एकाला एक जोडून पाहायचं कधी सुचलं नाही. मी मास्तर होतो, हुशार नव्हतो.

माझं लग्न झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी काका तापानं पडले. मी शाळेच्या गडबडीत होतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी बायकोनं पेज करून दिली, ती घेऊन गेलो. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. आरोळी आलीच नाही. काका बाजेवर पडून होते आणि सतराच्या सतरा खुर्च्या, पहिल्यांदाच, खडखडीत वाळल्या होत्या.

मला पाहताच ते धडपडून उठायला लागले. "मास्तर, तो डबा दे. ब्रश दे."

"आधी पेज घ्या."

"पेज ऱ्हाऊ दे. आधी हात मारू दे. बघवंना मला."

शेवटी मी डबा दिला. त्यांनी बाजेजवळच्या तहसीलदाराला ओढलं आणि बसल्या बसल्या ब्रश फिरवायला सुरुवात केली. पाठ झाली, हात झाले, बैठक झाली. मग ते थांबले, आणि माझ्याकडं न बघता बोलले.

"तुझी काकू म्हणायची, चार खुर्च्या आना. मानसं येत्यात, जमिनीवर बसत्यात, बरं दिसत नाय. मी म्हनायचो, आनू. तीस वर्षं आनू, आनू केलं. आता सतरा हायेत." त्यांनी ब्रशचा रंग डब्याच्या कडेला निपटला. "वाळली की रिकामी दिसती रे. ओल्या खुर्चीवर कुनी बसत नाय, ते बरोबर हाय. त्याचं काय वाटत नाय."

समोरच्या घरात राहून सहा वर्षं मी उभ्या उभ्या येऊन उभ्या उभ्या जात होतो, आणि वर त्यांची नक्कल करून बोळाला हसवत होतो. माझी मलाच शरम वाटली.

मी पेजेचं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि तहसीलदारावर बसलो. नीट, पाठ टेकून.

"हां हां!" काका ओरडले. "गीला हाय! दिसंना का तुला?"

"असू द्या," मी म्हटलं. "पेज गार व्हायलीय. काकूंच्या शेंगांचं काहीतरी सांगा."

दिवेलागणीपर्यंत बसलो. काका बोलत होते. मधेच एकदा हसले. उठताना लाकडानं मला सहजासहजी सोडलं नाही. अंगावर सासऱ्यांनी लग्नात दिलेली टेरिलीनची पॅंट होती आणि ती मागून लालभडक झाली होती.

घरी बायकोनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, माझ्या बाबांनी दिलेली! रंग ओला आहे, हे दिसलं नाही का?"

"दिसलं होतं," मी म्हटलं. "उद्या तूही चल. शेंगा भाजून घे, आणि जुनं लुगडं नेस."