चिचपारच्या शाळेचा पट

चिचपारच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक एक, वर्गशिक्षक एक आणि घंटा वाजवणारा एक. तिन्ही मिळून प्रफुल गुरुजी! त्यामुळे शाळेत मतभेद असे कधी होतच नसत. गुरुजींच्या डोक्यात आलं की ठराव पास!

यंदा मात्र त्या डोक्याला एकच घोर लागला होता. पहिली ते चौथीचा पट अठरा! वीसच्या खालच्या शाळा शेजारच्या शाळेत मिळवणार, असं वरून आलं होतं. शेजारची शाळा सात किलोमीटरवर, मधे नुसतं जंगल, आणि त्या रस्त्यावर वाघाचं येणं-जाणं एसटीपेक्षा नियमित. पोरं एकवेळ गेली असती, पण पोरींना कोण धाडणार? पटावर अकरा पोरी होत्या. त्या अकराही जणी घरी बसणार, या विचारानं गुरुजींच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्यात पट मोजायला विस्तार अधिकारी दामिनी मॅडम नेमक्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, जत्रा म्हणजे रात्रभर नाटक, आणि नाटक म्हणजे घरटी दहा पाहुणे! लेकी, जावई, जावयाचे भाऊ आणि सगळ्यांची पोरं. गुरुजींचे डोळे चमकले.

"कुंताबाई, पट पंचवीस करून दाखवतो की नाई पाहा!" खिचडी शिजवणाऱ्या कुंताबाईंना ते म्हणाले. "पाव्हण्यांची सात पोरं मांग बसवून देतो. मॅडमले का समजते!"

"फसून जासान, गुरुजी!"

"अवं, नियोजन हाय माझं!"

नाटकाचा पडदा उघडण्याआधी गुरुजींनी माइक हातात घेतला. "पाव्हण्यायनं आपापली पोरं उद्या दहाले शाळेत धाडावी होऽ! खिचडीसंग जिलेबी भेटन!"

जिलेबी! सकाळी दहाला शाळेत पोरं किती? त्रेसष्ट! खिडकीत बसलेली वेगळीच. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे पाहुण्या आयांनी जिलेबीचं नाव निघताच पोरं हाकलून मोकळी केली होती. गुरुजी खुशीत ओळी फिरले आणि तिसऱ्या ओळीपाशी येऊन परत पहिल्या ओळीपासून तोंडं पाहू लागले. त्रेसष्टांत त्यांच्या पटावरचं एकही पोर नव्हतं!

कसं असणार? मंडईच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी, हा रिवाज सहा वर्षांपूर्वी गुरुजींनीच पाडला होता. यंदा सुट्टी नाही, हे सांगायचं नियोजनात राहून गेलं! अठराच्या अठरा जण रात्रभर नाटक पाहून घरोघरी घोरत होते.

आता काय करावं, असं मनात येतं न येतं तोच फाटकाशी जीप थांबली.

"वा! मंडईच्या दुसऱ्या दिवशी एवढी हजेरी?" मॅडम हरखल्या. त्यांनी मागच्या एका पोराला पुस्तक दिलं. पोरगं धडाधड वाचत सुटलं! दुसऱ्याला सतराचा पाढा विचारला, तर त्यानं एकोणीसचाही फुकटात म्हणून दाखवला.

"गुरुजी, चौथीची मुलं इतकी तयार!" मॅडम त्या पोराकडे वळल्या. "तू चौथीतच ना रे?"

"सातवीत हावो, मॅडम."

गुरुजींना घाम फुटला. पोराला मिसरूड फुटली होती, हे त्यांना आत्ता दिसलं. "म्हणजे... सातव्या ओळीत बसतो, मॅडम!"

ओळी होत्या पाच. मॅडमनी चष्मा लावला. "बरं, मुलांनो, तुमच्या गावात काय काय आहे?"

"नदी!"

"आमच्याइथी सिमेंटची फॅक्टरी हाय!" हे कोरपन्याकडून आलेलं पोर.

"डोंगर! जिकडं पाहा तिकडं डोंगर!" हे जिवतीचं.

"चिचपारात सिमेंटची फॅक्टरी?" मॅडमनी विचारलं.

"परिसर अभ्यासावर आमचा भर आहे, मॅडम. परिसर जरा... मोठा घेतो आम्ही."

एवढ्यात पुढची एक पोरगी टुणकन उभी राहिली. "मॅडम, तुमी सोमवारी आमच्या शाळेत आल्या होत्या ना! गोंडपिपरीले! मले शाबासकी देली होती!"

संपलं! गुरुजी खुर्चीत बसले, ते मॅडमच्याच खुर्चीत. मग उठले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. "खोटं केलं, मॅडम, मले मान्य हाय. पण ही शाळा गेली तर माझ्या अकरा पोरींचं शिक्षण गेलं. माझी बदली करा, पण शाळा राहू द्या!"

मॅडमनी चष्मा काढला. "गुरुजी, मला खरी मुलं दाखवा. मी खरा आकडा लिहिणार."

कुंताबाई दारोदार धावल्या. अर्ध्या तासात अठरा पोरं चादरी गुंडाळून, डोळे चोळत हजर! मॅडमनी मोजली, परत मोजली. अठराच! गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

खिचडीची वेळ झाली. पाहुणी पोरं एका बाजूला बसवली, शाळेची दुसऱ्या बाजूला. मॅडम ताटं मोजत गेल्या आणि थबकल्या. "इकडे बावीस कशी?"

"ही चार त्या जंगलाकडच्या वस्तीतली, टोल्यावरची व्हय," वाढता वाढता कुंताबाई म्हणाल्या. "इतवारीची, झिंगूची पोरं. आईबाप पहाटेच शेतात, जंगलात जातेत, त आषाढापासून रोज येतेत. मांग बसून ऐकतेत, खिचडी खातेत अन् जातेत."

"रोज? मग पटावर नावं का नाहीत?"

"गुरुजीले इचारा."

गुरुजी तोंड उघडं टाकून उभे! "मले काऊन नाई सांगतलं, कुंताबाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई? दिवसभर त मोबाइलमधी मुंडी घालून पटाची माहिती भरून राह्यता!"

मॅडमनी हसू दाबत दाखल-खारिज रजिस्टर पुढे सरकवलं. गुरुजींनी पेन उघडलं, मनातल्या मनात बावीस, बावीस असा जप करत! आणि समोरच्या सात वर्षांच्या पोरीला लाडीगोडीनं विचारलं, "बेटा, तुझं नाव का?"

पोरगी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"रंजीता. मीच त रोज तुमाले पाणी आणून देतो, गुरुजी."