मासा आत आहे

मासा पिशवीत ठेवायचा की झाकणाखाली, एवढाच प्रश्न होता, आणि पुरावेसाहेबांनी झाकण निवडलं. तसा फार विचार करावा लागला नाही, कारण पिशवी घरीच राहिली होती. (बर्फाची ती खास पिशवी बायकोने आदल्या दिवशी बटाटे आणायला नेली होती, आणि बटाट्यांनी ती अजून सोडली नव्हती.)

पुरावेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासण्याचं त्यांचं काम. कुणी सांगितलं की घरात पाणी शिरून गादी भिजली, तर ते शांतपणे विचारत, "गादी होती याचा पुरावा?" त्यावरून ऑफिसात हे नाव पडलं, आणि बायकोला ते इतकं आवडलं की तिने घरीही चालू केलं.

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी कयाक घेतली होती. कयाक म्हणजे एका माणसापुरती प्लॅस्टिकची होडी. ही पिवळी होती, अकरा फूट लांब आणि आतून पोकळ. वर बसायचं, वल्हं मारत समुद्रात जायचं, गळ टाकायचा आणि ताजा मासा आणून घरच्यांना खाऊ घालायचा, असा बेत. त्यातला खाऊ घालण्याच्या आधीचा सगळा भाग ते दर रविवारी चोख पार पाडत. अकरा रविवार मिळून घरी एकही मासा आला नव्हता. सुटून गेलेल्या माशांची वर्णनं मात्र भरपूर आली होती, आणि त्यातला कुठलाही मासा दोन किलोच्या खाली नव्हता.

होडी राहायची बैठकीच्या खोलीत, सोफा आणि जेवणाचं टेबल यांच्या मधोमध. पाहुणे ती ओलांडून येत. बायको तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवी. शेवटी बाराव्या शनिवारी तिने स्पष्ट सांगून टाकलं.

"उद्या आई जेवायला येतेय. ताटात तुम्ही धरलेला मासा असला तर होडी राहील. नसला तर सोमवारी होडी घराबाहेर."

"सुटला तर?"

"तर त्याचं वर्णन होडीत बसूनच करा, पण रस्त्यावर."

आणि त्या रविवारी, दहाच्या सुमाराला, गळाला खरोखरच मासा लागला. साहेबांना इतका आनंद झाला की आजूबाजूला चिटपाखरू नसताना त्यांनी त्या माशाचे मोठ्याने आभार मानले. फोटो काढायचा विचार मनात आला, पण मोबाइल नव्हता. (आधीचे दोन समुद्राला अर्पण झाल्यावर तिसरा बायकोने घराबाहेर नेऊ दिला नव्हता.) होडीत गुडघ्यांपाशी एक गोल झाकण होतं. ते उघडून त्यांनी मासा आत टाकला, झाकण घट्ट फिरवलं आणि वल्ही मारत, गुणगुणत किनारा गाठला.

इमारतीच्या लिफ्टमध्ये होडी मावत नसे. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य भला माणूस. ते नेहमीप्रमाणे हात द्यायला आले. पुढचं टोक वर, मागचं खाली, असं करत दोघांनी ती तिसऱ्या मजल्यावर चढवली. दारातूनच घोषणा झाली, "तवा ठेवा."

तवा आधीच ठेवलेला होता. लसूण वाटलेला होता, लिंबू चिरलेलं होतं, तिखट-मीठ बशीत कालवून तयार होतं. सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. साहेबांनी झाकण फिरवलं आणि बाजूला होत हात पसरले.

आत वाटीभर खारं पाणी होतं आणि एक मोजा.

"मासा आत आहे," साहेब म्हणाले.

"पुरावा?" बायकोने विचारलं.

एकोणीस वर्षं ते हा प्रश्न लोकांना विचारत आले होते. समोरच्या बाजूने तो कसा ऐकू येतो, हे त्यांना आज कळलं.

दंतवैद्य मात्र विचारी. "जिन्यात मागचं टोक खाली होतं," ते म्हणाले. "मासा घसरत तिकडे गेला असणार." ते खाली जाऊन आपला दात बघायचा लांब दांडीचा आरसा आणि विजेरी घेऊन आले. बराच वेळ आत बघून त्यांनी अभिप्राय दिला, "काहीतरी आहे, पण पार मागे आहे. कापावं लागेल."

"कापा," बायको उत्साहाने म्हणाली आणि करवत शोधायला निघाली.

साहेब होडीवर आडवे पडायच्या बेतात होते, तेवढ्यात सासूबाई उठल्या. प्रसूतिगृहात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची बारा मुख्य नर्स म्हणून.

"ऊठसूट कापायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "आधी मला तपासू दे."

त्यांनी घड्याळ काढलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि तव्याशेजारच्या तेलातलं थोडं हाताला चोळलं. मग गुडघे टेकून दंडापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले.

"लागला हाताला. उलटा आहे, शेपटी आधी येतेय. मागची बाजू उचला. हळू. डॉक्टर, तुम्ही सोफ्यावर चढा. पंखा बंद कर ग."

"आई, मी काय करू?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही बाहेर थांबा, जावईबापू."

साहेब निमूटपणे जिन्यात गेले आणि येरझाऱ्या घालू लागले. दाराआडून आवाज येत होते. "अजून वर... आता थांबा. घाई नाही करायची, त्याचा तो येईल... आला, आला..." मग एकदम शांतता, आणि मग सासूबाईंचं ते सराईत, "झालं."

साहेब धावत आत गेले. सासूबाईंनी मासा शेपटीने उलटा धरला होता, आणि सवयीने त्याच्या पाठीवर एक चापटही दिली होती. मग त्याला टॉवेलात गुंडाळून त्या स्वयंपाकघरातल्या काट्याकडे गेल्या.

"तीनशे दहा ग्रॅम."

दंतवैद्यांनी साहेबांकडे वळून पाहिलं. अर्ध्या जिन्यात साहेबांनी दंतवैद्यांना दीड किलो सांगितला होता.

"कमी वजनाचा आहे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे असता तर काचेच्या पेटीत ठेवला असता."

त्याऐवजी तो तव्यावर गेला. चार माणसांत प्रत्येकी दोन घास आले. साहेबांनी स्वतःचे दोन घास तसेच ठेवून बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती काटे बाजूला काढत शांतपणे खात होती.

"छान लागतोय हो," ती म्हणाली. "राहू दे ती होडी."

साहेबांना आयुष्यात बढतीचाही इतका आनंद झाला नव्हता. इथे थांबायला हवं होतं. पण पुढच्या रविवारी ते रिकाम्या हाताने परतले, दारात बायकोने नुसत्या भुवया उंचावल्या, आणि आपल्याच तोंडून आलेलं वाक्य त्यांनी ऐकलं.

"मासा आत आहे. सरकला असेल."

आठवडाभर मुक्कामाला राहिलेल्या सासूबाई लगेच हात धुवायला गेल्या. दंतवैद्य सोफ्यावर चढले. होडी आधी मागून उचलली, मग पुढून. सासूबाई पंधरा मिनिटं, खांद्यापर्यंत हात घालून, कोपरा न् कोपरा चाचपत होत्या. साहेब बाहेर जिन्यात घाम पुसत उभे.

अखेर दार उघडलं. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या, दार मागे अलगद ओढून घेतलं आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाल्या,

"होतं असं कधीकधी, जावईबापू. सगळी लक्षणं दिसतात, माणसाची अगदी खात्री असते, आणि आत काहीच नसतं. मनाला लावून घ्यायचं नाही."