लॉईडकाकांच्या नवसाचं उद्यापन

लॉईडकाका आणि नॉर्माकाकू आपल्या देशी परत जाणार, हे कळलं तेव्हा गावातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला, पुरुषांनी "चांगली माणसं होती" असं ती दोघं समोर बसलेली असतानाच म्हटलं, आणि त्यांचा घरमालक संतराम हळूच गोठ्याकडे सटकला.

वसमतपासून जवळच, हळदीच्या पट्ट्यातलं बोरगव्हाण हे गाव. लॉईड आणि नॉर्मा हे कॅनडातलं मिशनरी जोडपं, दोघंही सत्तरीच्या घरातली. त्यांच्या चर्चमध्ये अशी पद्धत होती, की निवृत्त झालेल्या नवराबायकोनं स्वतःच्या खर्चानं परमुलखात जाऊन सेवा करायची आणि मुदत संपली की घरी परतायचं. गावाला हे पटायला वेळ लागला. "रिटायर झाल्यावर मानसानं घरी बसून सुनेच्या भाजीला नावं ठेवावी. हे काय काढलं?" असं माजी सरपंच उत्तमराव म्हणाले होते. पण लॉईडकाकांनी शाळेत पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, नॉर्माकाकूंनी पोरींना शिलाई शिकवली, आणि संतरामच्या माडीवरच्या खोलीत राहता राहता दोघं गावचीच होऊन गेली. नॉर्माकाकूंनी मराठी उचलली ती संतरामच्या बायकोकडून, मंजुळाबाईकडून. त्यामुळे ही गोरी म्हातारी "काहून गं पोरी, शाळेत न्हाई गेली?" असं विचारायची तेव्हा परगावचा माणूस दचकून इकडेतिकडे पाहायचा.

घोटाळा पहिल्याच दिवशी झाला होता. पाहुणे आले म्हणून संतरामच्या ओसरीवर सगळं गाव जमलं होतं. मंजुळाबाईने वेलदोडा घातलेला चहा आणला. लॉईडकाकांनी हात जोडले आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, "चहा न्हाई. देवाला शब्द दिला."

 घरी आलेला माणूस चहाला नाही म्हणतो, तेही पहिल्याच दिवशी आणि पद्माबाईंच्या देखत! पद्माबाई म्हणजे गावातल्या सगळ्या व्रतवैकल्यांच्या अधिकारी. त्यांनी मंजुळाबाईकडे असं काही पाहिलं, जणू चहात माशीच पडली असावी. घराची अब्रू जाते म्हणून संतराम पटकन बोलून गेला, "नवस हाय त्यांचा. चहा सोडलाय."

"कशापायी?" पद्माबाईंनी विचारलं.

संतरामला दुसरं काही सुचलं नाही. "पोरीचं लगीन जमंना."

सगळ्या ओसरीने एकदम मान हलवली. यापुढे कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. जातधर्म वेगळा, मुलूख वेगळा, पण लेकीच्या लग्नाचं दुःख बराबर तेच, असं म्हणून उत्तमरावांनी लॉईडकाकांच्या पाठीवरून हात फिरवला. लॉईडकाकांना ही माणसं फार प्रेमळ वाटली.

तेव्हापासून गावात त्यांना कुणी चहा विचारला नाही. ज्या घरी जातील तिथे दूध मिळायचं. मंजुळाबाई तर दर शनिवारी मारुतीला तेल घालून त्या न पाहिलेल्या पोरीसाठी हात जोडायची. आणि उत्तमराव महिन्यातून एकदा तरी संतरामला बाजूला घ्यायचे. "आपला भाचा प्रमोद. वसमतला ठिबकचं दुकान हाय. पोरगं निर्व्यसनी. काकांच्या कानावर घाल."

"घालतो ना," संतराम म्हणायचा, आणि घालायचा नाही.

आता परतायची तारीख ठरली, तशी पद्माबाई थेट संतरामच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"परत चालले, मंजे पोरीचं जमलं आसंल. व्हय ना?"

"जमलं आसंल," संतराम म्हणाला.

"मग उद्यापन कधी?"

"कशाचं?"

"नवसाचं! न फेडता नवस समिंदराच्या पल्याड नेता येतो व्हय? मागं ऱ्हातो तो. अन् ज्या घरात धरला त्याच घरावर बसतो."

संतरामला हा नियम नवा होता, पण पद्माबाईंना नियम कुठून आला असं विचारायची गावात पद्धत नव्हती. सायंकाळपर्यंत सगळं ठरलं. गुरुवारी जीप त्यांना नांदेडला न्यायला येणार होती. त्याच्या आधी मारुतीच्या मंडपात उद्यापन. लॉईडकाका आणि नॉर्माकाकू मेहुण म्हणून पाटावर बसतील, पहिला घोट घेतील, मग गाव चहा पिईल. आणि तो घोट होईपर्यंत त्या दिवशी गावात कुणीही चहा घ्यायचा नाही.

संतराम माडीवर गेला. नॉर्माकाकू बॅग भरत होत्या. बॅगेत प्रत्येक घरून आलेली हळदीची पुडी होती आणि कपडे बाहेर खाटेवर होते. लॉईडकाका हातात वजनाचा काटा घेऊन बॅग उचलत होते, मान हलवत होते, एक पॅन्ट कमी करत होते आणि पुन्हा उचलत होते.

"काका," संतराम म्हणाला, "तुमच्या पोरीचं लगीन झालं का?"

"झालं," लॉईडकाका म्हणाले. "तिच्या पोरीचं पन झालं."

संतराम खाटेवरच्या कपड्यांवर बसला.

"संतरामभाऊ, तुमी काहून घाम पुसून राहिले?" नॉर्माकाकूंनी विचारलं.

मग त्याने सगळं सांगितलं. नवस, लगीन, प्रमोद, उद्यापन, सगळं. नॉर्माकाकू इतक्या हसल्या की त्यांना बॅगेवर बसावं लागलं, आणि त्यामुळे बॅग बंद झाली. लॉईडकाका मात्र हसले नाहीत.

"चहा मी न्हाई पिऊ शकत, संतराम. शब्द हाय. अन् खोटं न्हाई बोलू शकत."

"बोलू नका ना! निस्तं प्या. सुंठ, गूळ अन् दूध. रंग बराबर चहाचा. चहाची पत्ती एक न्हाई."

लॉईडकाकांनी विचार केला. "सुंठ पिईन. पन कुनी इचारलं तर सुंठ म्हनून सांगीन."

आता राहिली मंजुळाबाई. दूध उकळणं तिच्या हातात होतं, तिला सांगणं भाग होतं. तिने चुलीपुढे बसून सगळं ऐकून घेतलं.

"मंजे मी दर शनिवारी मारुतीला तेल घातलं, ते कुनासाठी?"

"काकांच्या नातीला लागलं आसंल," संतराम म्हणाला.

मंजुळाबाईने उलथनं खाली ठेवलं. ते तिने खाली ठेवलं हे बघून संतरामला बरं वाटलं.

"तुमच्यासाठी न्हाई करनार," ती म्हणाली. "पन हे त्या पद्माबाईला कळलं तर माझ्या मयतीतबी सांगत बसंल ती. सुंठ आना."

गुरुवार उजाडला आणि गावाने चहा घेतला नाही.

आजवर हे कुणी करून पाहिलेलं नव्हतं, म्हणून काय होतं ते कुणाला माहीत नव्हतं. सकाळी सगळे भाविक दिसत होते. ऊन जरा वर आल्यावर दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडले, तेही वीस वर्षांपूर्वी मिटलेल्या बांधावरून. हळद शिजवायच्या कढईजवळ दोन गडी एकमेकांकडे पाठ करून बसले. शाळेच्या मास्तरांनी वर्गाला सुट्टी दिली आणि मग वर्गात एकटेच बसून राहिले. दुपारी मंडपात जमलेल्या माणसांपैकी अर्ध्यांनी कपाळाला फडकी बांधली होती. लांबून पाहणाऱ्याला हे उद्यापन वाटलं नसतं.

मंडपाच्या एका अंगाला भल्यामोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. त्या वासाने मोठी माणसं डोळे मिटून घेत होती. लॉईडकाका धोतर नेसून आणि नॉर्माकाकू नऊवारी नेसून पाटावर बसले होते. पातेल्यामागे मंजुळाबाई पदराआड दोन ग्लास धरून उभी होती.

तेवढ्यात उत्तमरावांनी माईक हातात घेतला. माजी सरपंचाच्या हातून माईक काढून घ्यायची सोय कोणत्याच गावात नसते.

"आज आनंदाचा दिवस हाय. काकांच्या लेकीचं मंगल झालं. आता काकांनी गावाला येवढंच सांगावं, जावई काय करतात?"

संतरामने मंडपाचा खांब धरला.

लॉईडकाका माईकपुढे वाकले. "जावई रिटायर झाला."

 मग मागच्या बाजूने एका बाईचा हुंदका आला.

"अगं माय," पद्माबाई म्हणाल्या, "जमलं, पन किती उशिरा जमलं!"

"तरी म्या सांगत होतो!" उत्तमराव माईकमधूनच ओरडले. "प्रमोद होता ना! संतराम, तू घातलं होतं का कानावर?"

नॉर्माकाकूंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याच्या पोरीचं बी लगीन झालं."

"बिजवर!" पद्माबाईंनी कपाळावर हात मारला. "लग्नाची लेक होती त्याला! पर काकू, दुख धरू नका. पदरात पडलं ते चांगलं म्हना."

बायका एकेक करून उठल्या आणि नॉर्माकाकूंच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. नॉर्माकाकू एकही शब्द खोटा बोलल्या नव्हत्या, आणि आता काय केल्याने हे थांबेल ते त्यांना कळेना.

"घोट घ्या! घोट घ्या आधी!" मागून कपाळ बांधलेली माणसं ओरडू लागली.

मंजुळाबाई पुढे झाली. लॉईडकाकांनी ग्लास उचलला, डोळे मिटले आणि घोट घेतला. मग सगळ्या गावासमोर असं निमूट बसणंही त्यांना खोटंच वाटलं असावं, कारण ते माईकपुढे वाकून स्पष्ट आवाजात म्हणाले, "हा चहा न्हाई."

संतराम खांबामागे गेला.

"न्हाईच तो!" उत्तमराव म्हणाले. "संतरामच्या घरचा हाय. पानी जास्ती, पत्ती कमी. गावाला म्हाईत हाय ते!"

एवढा मोठा हशा झाला की मारुतीच्या घंटेला कुणाचा तरी हात लागून ती वाजली, आणि गाव पातेल्यावर तुटून पडलं. दोन्ही भावांनी एकाच बशीत चहा ओतून घेतला. मास्तरांनी तीन कप घेतले. मंजुळाबाई घरच्या चहाची बदनामी गिळून उभी होती, पण पद्माबाईंना काही कळलं नव्हतं, आणि संतरामच्या मते तेवढं पुष्कळ होतं.

तोवर जीप आली. जीपमधून नांदेडच्या ऑफिसातला विजयकुमार उतरला आणि त्याच्या मागे आणखी एक म्हातारं गोरं जोडपं उतरलं. आता इथलं काम हे दोघं पाहणार होते. नाव ग्लेन आणि रूथ. लॉईडकाकांनी त्यांना मिठ्या मारल्या, खोलीची किल्ली दिली, आणि धोतरावरच जीपमध्ये बसले, कारण बॅगेत न मावलेल्या पॅन्टा ते कधीच वाटून बसले होते. बायकांनी नॉर्माकाकूंची ओटी भरली. नॉर्माकाकू मंजुळाबाईच्या गळ्यात पडून रडल्या, मंजुळाबाईही रडली. संतरामने लॉईडकाकांचे दोन्ही हात हातात धरले. त्याला खूप काही बोलायचं होतं.

"काका, तकलीफ झाली तुमाला," एवढंच तो म्हणाला.

"सुंठ चांगली होती," लॉईडकाका म्हणाले.

जीप वळणापलीकडे गेली. नव्या पाहुण्यांना मंडपात आणून बसवलं. विजयकुमार दुभाषी म्हणून शेजारी बसला. मोकळ्या मनाने संतराम स्वतः दोन कप चहा घेऊन आला.

ग्लेनसाहेब हात जोडून काहीतरी बोलले.

"चहा घेत नाहीत म्हणतात," विजयकुमारने सांगितलं. "देवाला शब्द दिलाय."

कप हवेत थांबले. सगळं गाव आधी पाहुण्यांकडे आणि मग संतरामकडे बघू लागलं. संतरामने ठरवलं, आता नाही. त्याने कप खाली ठेवले.

"मंडळी, ऐका. नवसबिवस काई न्हाई. ह्यांच्यात चहा पीतच न्हाईत. धर्मच हाय तसा त्यांचा. लॉईडकाकांचाबी तसाच होता."

"काय बोलून राहिला हा?" पद्माबाई म्हणाल्या. "धर्म आसता तर आत्ता साऱ्या गावाम्होरं लॉईडकाकांनी ग्लासभर चहा ढोसला आसता व्हय?"

संतरामने मंजुळाबाईकडे पाहिलं. मंजुळाबाईने मारुतीकडे पाहिलं. मारुती बोलणार नव्हता, आणि मंजुळाबाईही बोलली नाही.

"लपवू नको, संतराम," उत्तमराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "त्या येळेला लपवलंस, अन् काय झालं? पोरीला बिजवर मिळाला. विजयकुमार, ह्यांची पोरगी किती वर्साची हाय, येवढं इचार."

विजयकुमारने विचारलं. पांढऱ्याशुभ्र केसांच्या रूथबाईंनी हसून उत्तर दिलं.

"मुलगी नाही यांना," विजयकुमार म्हणाला. "पाचही मुलगेच."

संतरामने इतका लांब श्वास सोडला की शेजारच्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. आता तरी गाव ऐकेल. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण पद्माबाईंचा हात हळूहळू गालावर गेला होता.

"पाच ल्योक, अन् लेक न्हाई," त्या म्हणाल्या. "अगं माय! लेकीसाठी नवस हाय बाईचा!"

मंडपातली एकूणएक नजर रूथबाईंकडे वळली. त्यांच्या वयाकडे मात्र कुणी पाहिलं नाही. कुणीतरी पंख्याचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. उत्तमराव स्वतः खुर्चीवरून उठले आणि ती खुर्ची रूथबाईंना दिली. पद्माबाईंनी त्यांच्या कोपराला धरून त्यांना सावकाश बसवलं, पाठीशी उशी सरकवली आणि म्हणाल्या, "घाईनं उठबस करायची न्हाई आता. काय खावंसं वाटलं तर लाजायचं न्हाई."

एका बाईने धावत जाऊन ताटलीत चिंचा आणल्या. नव्या देशात पहिल्याच दिवशी एवढं प्रेम बघून रूथबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी एक चिंच सोलून तोंडात टाकली, डोळे घट्ट मिटले, आणि ताटलीसाठी पुन्हा हात पुढे केला.