मायना नसलेले कॉल

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या तालुका दूध संघाच्या फोन सर्व्हरने मायना नसलेले कॉल परत पाठवायला सुरुवात केली.

हा सर्व्हर मीच बसवलेला. इंटरनेटवरून फोन चालवणारं हे यंत्र प्रत्येक कॉलच्या माथ्यावरची माहिती आधी वाचतं: कुणाकडून, कुणाला, कुठून. मग ओळख पटवतं आणि कॉल पुढे सोडतं. मी नोंदी उघडल्या. "वाघापूर केंद्र: नमस्कार नाही. परत." "पशुखाद्य विभाग: इकडील क्षेम कळवले नाही. परत."

मी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मिळालेलं हे माझं सर्वांत भक्कम ज्ञान. चालू झाल्यावर त्याने पुढचा कॉल परत पाठवला.

माझ्या आधी संघाचा फोन बोर्ड एकतीस वर्षं वाघचौरे बाईंकडे होता. बाई प्रत्येकाला तब्येत विचारायच्या, म्हैस व्याली का विचारायच्या आणि मग फोन जोडून द्यायच्या. मी स्टॉपवॉच लावून मोजलं होतं. कॉलमागे बेचाळीस सेकंद. त्याचा रंगीत आलेख करून मी बैठकीत दाखवला आणि बाईंच्या देखत म्हणाले, "हा निव्वळ वाया जाणारा वेळ आहे." बाईंना आवक-जावकला बसवलं गेलं. आलेख फार सुंदर झाला होता.

मंगळवारी चेअरमन बापूसाहेब भोरांनी टँकर ड्रायव्हरला लावलेला कॉल परत आला. नोंद होती, "मायना: अरे ए. परत."

"पोरी," ते केबिनमध्ये म्हणाले, "तुझ्या डब्याने मला परत पाठवलं?"

"सर, माझं नाव शलाका आहे."

"गुरुवारी चार वाजता संचालकांसमोर मी या फोनवरून टँकरला फोन लावणार. लागला तर तू कायम. नाही लागला तर बाईंचा बोर्ड परत आणि तू घरी."

बुधवारी मी दुरुस्तीसाठी सर्व्हरमध्ये शिरायला गेले. पडद्यावर प्रश्न आला, "कुणाची गं तू?"

मी चोवीस अक्षरांचा पासवर्ड दिला.

"असं गाव ऐकलं नाही."

मी लिहिलं, बी. ई., प्रथम श्रेणी.

"शिक्षण नाही विचारलं."

मी लिहिलं, हा सर्व्हर माझा आहे. खातं बंद झालं. तीन चुकीच्या उत्तरांनंतर खातं बंद करायचं, हा नियम मीच घातला होता.

गुरुवारी सकाळी मी आवक-जावकला गेले. बाई पाकिटांना तिकिटं चिकटवत होत्या.

"बाई, सर्व्हर मला आत घेत नाही."

"आधी बस. चहा घेतलास?"

"वेळ नाहीये, बाई."

"म्हणूनच घेत नाही तो."

मी बसले. चहाला अकरा मिनिटं लागली. मोजायची सवय जात नाही.

"काय विचारतो?"

"कुणाची गं तू."

"मग बरोबर विचारतो. तू रुजू झालीस तेव्हा मीही विचारलं होतं. तू म्हणालीस, तुम्हाला काय करायचंय?"

"म्हणाले असेन."

"असेन काय? म्हणालीस. सगळ्यांसमोर."

बाई माझ्याबरोबर आल्या. चष्मा पुसून त्यांनी एका बोटाने टाइप केलं, "आमच्या ऑफिसातली. जिभेला तिखट, कामाला चोख. आत घ्यावे ही विनंती."

खातं उघडलं.

आत सगळं मी ठेवलं होतं तसंच होतं. मायन्याचा नियम कुठेही नव्हता, त्यामुळे खोडण्यासारखं काही नव्हतं. "मग लिहून घे," बाई म्हणाल्या. मोठ्यांना काय, बरोबरीच्यांना काय, लहानांना काय, हे त्यांनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. दोनदा चुकले.

चार वाजता बापूसाहेबांनी नंबर फिरवला. मी कागद पुढे धरला.

"हे मी म्हणू? ड्रायव्हरला?"

"हो, सर."

चार संचालक खुर्च्या ओढून जवळ आले. बापूसाहेबांनी घसा साफ केला. "चिरंजीव रंगनाथ यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवत जावे. विशेष असे की, टँकर वाघापूरला न्यावा."

कॉल लागला. 

"साहेब," रंगनाथ हळूच म्हणाला, "मला कामावरून काढलंत का?"

"नाही रे..." बापूसाहेबांनी सर्व्हरकडे पाहिलं. "नाही, बाळा."

टँकर वाघापूरला गेला. मी कायम झाले. बाईंची खुर्ची सर्व्हरशेजारी आली. आलेख मी कपाटात ठेवला, रंगीत बाजू खाली करून.

शुक्रवारी सर्व्हर वापरणाऱ्यांची यादी तपासताना मुख्य व्यवस्थापकाच्या रकान्यात माझी नोंद दिसली, "चि. शलाका, वाघचौरे बाईंची." ती बदलायचे सगळे अधिकार माझ्याकडे आहेत. मी ते वापरले. पडद्यावर प्रश्न आला, "बाईंना विचारलंस का?"

मी विचारलं.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या.

राहिलं.