ठोकनाथाचा बिनवायरचा कीबोर्ड

एका जंगलात सिंह होता. सगळ्याच जंगलांत असतो, त्यात तोंड वासण्यासारखं काही नाही. गप बसा आणि ऐका, पोरांनो.

या सिंहाच्या दरबारात ठोकनाथ नावाचा सुतारपक्षी टायपिस्ट होता. महाराज बोलले की हा चोचीने कीबोर्ड ठोकायचा, की हुकूम मोठ्या पडद्यावर हजर. मग अख्ख्या दरबाराने तो एका सुरात मोठ्याने वाचायचा आणि म्हणायचं, "जी महाराज!" नुसतं वाचायचं, बरं का. समजून घ्यायची तिथे पद्धत नव्हती.

एकदा शहरातले उकिरडे फिरून आलेला कावळा बिनवायरचा कीबोर्ड घेऊन आला.

"ठोकनाथराव, एक आकडा म्हणजे दरबारचा कॉम्प्युटर, दोन आकडा म्हणजे तुमचा मोबाईल. बसल्या जागी दोन्हीवर लिहा."

ठोकनाथ हरखला. चोचीने लिहिताना त्याच्या मोबाईलच्या काचा फुटायच्या, आणि निरोप न पाठवता उशीर झाला की बायको साळू घरात घेत नसे.

कावळ्याने बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकला. पडद्यावर कीबोर्डचं नाव आलं, त्याला 'हो' म्हटलं. मोबाईललाही तसंच. झाली सोयरीक, एकाच मुहूर्तावर दोन घरी!

"फक्त आकडा दाबून धरायचा हं, दिवा थांबेपर्यंत," कावळा म्हणाला.

"कळतं रे! मला शिकवतोस?"

आता सुतारपक्षी ठोकतो. दाबून धरणं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात महाराजांना डुलकी लागली. ठोकनाथाने दोन आकडा टक्कन ठोकला आणि मान खाली घालून बायकोला लिहायला घेतलं.

लिहून होतंय तोच दरबार खड्या आवाजात वाचू लागला, "साळू, म्हातारा झोपला! त्याचे सगळे दात पडलेत! डरकाळी तेवढी उरलीय! येताना अळ्या आणतो! जी महाराज!"

ठोकनाथाची पिसं ताठ झाली. दातांचं गुपित जंगलात राणीसाहेबांखेरीज त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्याची ढोली गुहेवरच्याच झाडात. राणीसाहेब मांस चावून महाराजांना भरवतात, हे तो रोज बघायचा.

महाराज दचकून जागे झाले. दात नव्हते, पण पंजा होता. एक फटका बसला की साळू विधवा.

तिकडे लांडग्याने जन्मात पहिल्यांदा वाचलेल्याचा विचार केला. "प्रधानजी," तो कोल्ह्याच्या कानात म्हणाला, "दात नाहीत, तर आपण भितो कशाला?" आणि दोघे ओठ चाटू लागले.

"ठोकनाथ!" महाराज गरजले. "हे काय?"

"महाराज, हुकूम... हुकूम अर्धाच झालाय," ठोकनाथ म्हणाला. कीबोर्ड कुठे जोडलाय ते आता त्याला पक्कं कळलं होतं. त्याने भराभर ठोकलं.

दरबाराने सवयीने वाचलं, "म्हणून महाराजांवरच्या निष्ठेखातर प्रत्येकाने आपापले दात पाडून घ्यावेत! जी महाराज!"

'जी' तोंडातून गेल्यावर लांडग्याने तोंड मिटलं. पण काय उपयोग? महाराजांच्या मिशा हलल्या. "आमच्या मनातलंच लिहिलंस रे," ते म्हणाले.

माकड पकड घेऊन दाराशी बसलं. कोल्हा सगळ्यांत मोठ्याने रडला. संध्याकाळपर्यंत दरबारात नुसती बोळकी. महाराज पुन्हा निवांत झाले.

शेवटी ठोकनाथाला तोंड उघडायला लावलं. एकही दात नाही!

"शाब्बास! हुकमाआधीच पाळलास!" महाराज म्हणाले आणि कोल्ह्याचं प्रधानपद त्याला दिलं.

प्रधानजी घरी गेले. साळू ढोलीच्या दारात उभी.

"अळ्या कुठायत? एक निरोप पाठवता येत नाही?"

"पाठवला होता गं. सगळ्या जंगलाला पोचला. तू सोडून."

तात्पर्य: लिहिण्याआधी कीबोर्ड कुठे जोडलाय ते बघावं, असं कावळा अजून सांगत फिरतो. त्याला कोण विचारतं? चूक झाली तर माफी मागत बसू नये, पुढे आणखी एक ओळ लिहावी. फक्त त्या ओळीत पडणारे दात दुसऱ्याचे असावेत.