सात पाटांची ओटी

डिसेंबर २०१७ मधला दुसरा रविवार, सकाळची वेळ. स्थळ आशागड, दिगूभाऊंची ओटी. ठरलेली रक्कम माणशी तीनशे रुपये. हजर: मी, माझी बायको, माझी आई आणि दोन मुली. काम: दिवसभर दिगूभाऊंचं कुटुंब होणं.

मी डहाणूला एका पतपेढीत हिशेब बघतो. आपल्याला कुणी भाऊ म्हणून रोजावर लावेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण शेजारी दिगूभाऊ असले की काहीच गृहीत धरता येत नाही.

दिगूभाऊ वाळवलेल्या चिकूच्या चकत्या विकतात. 'विकतात' म्हटलेलं त्यांना चालत नाही. "चिकू नाही विकत हो, गोष्ट विकतो. चिकू वर फुकट." हे वाक्य त्यांनी एका शिबिरातून आणलं. तीनेक वर्षांपूर्वी बागायतदारांसाठी कुणीतरी एक दिवसाचं शिबिर घेतलं होतं. तिथे एका तरुण सरांनी सांगितलं की लोक माल घेत नाहीत, मालामागची गोष्ट घेतात. बाकीचे जेवून घरी आले. दिगूभाऊ ते वाक्य घेऊन आले.

तेव्हापासून ते दिसेल त्याला गोष्ट विचारतात. बाजारात गंजाडची एक बाई वांगी घेऊन बसते. तिला म्हणाले, "मावशी, या वांग्यांची गोष्ट काय?"

ती म्हणाली, "गोष्ट अशी, का घ्यायची असतील त घ्या, नाहीतर पिशवी बाजूला करा. मागे गिऱ्हाईक उभंय."

"बघ, सुधाकर," ते मला म्हणाले, "थोडक्यात आहे, पण गोष्ट आहे."

एकदा माझ्या पतपेढीचीच गोष्ट विचारली. मी ठेवीवरचा व्याजदर सांगितला. म्हणाले, "हा शेवट झाला. सुरुवात कुठाय?"

त्यांच्या पाकिटाच्या मागे छापलं होतं: 'आमच्या ओटीवर अजून सारं घर बसतं. आई चिकू निवडते, भावजय सोलते, भाऊ कापतो, पोरं चकत्या उन्हात मांडतात. म्हणून गोड.'

मी वाचलं आणि म्हटलं, "दिगूभाऊ, यात पाच माणसं जास्त आहेत."

त्यांनी लग्न केलं नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा भाऊ मोरू वाटणी झाल्यावर बायको आणि दोन पोरांना घेऊन वापीला नोकरीला गेला, तो तिकडचाच झाला. ओटीवर खरे बसणारे दोघंच: दिगूभाऊ आणि रोजाने येणारी रानशेतची जमनाबाई.

दिगूभाऊ शांतपणे म्हणाले, "जास्त नाहीत रे. गैरहजर आहेत."

हे इतक्यावर भागलं असतं. पण ते पाकीट मुंबईच्या एका मोठ्या दुकानात पोचलं आणि दुकानाला गोष्ट आवडली. महिन्याला चारशे पाकिटं घेऊ म्हणाले, फक्त आधी त्या कुटुंबाचा व्हिडिओ करायचा. ही ऑर्डर मिळाली तर दिगूभाऊंचा धंदा चालणार होता. नाही मिळाली तर बाग ठेक्याने देण्याची पाळी आली होती. म्हणून ते आमच्याकडे आले.

"तुझं कुटुंब एक दिवस दे. फुकट नको. तीनशे माणशी. पोरींनाही पूर्ण रोज."

बायको म्हणाली, "मी भावजय ना? मग दिरासारखं बोला. तीनशे कसले देता?"

"वहिनी, व्यवहार तो व्यवहार."

आई कोपऱ्यातून म्हणाली, "मला दोन मुलगे दाखवणार. एकाचंच निस्तरता निस्तरता दमले मी."

तर त्या रविवारी आम्ही गेलो. ओटीवर सात पाट मांडलेले होते. त्यांच्या वडिलांनी घरच्या लाकडाचे करून घेतलेले, प्रत्येकाची जागा ठरलेली. पाट इतके पुसले होते की आमच्या मुली त्यांवर बसायला बिचकल्या. मी भावाच्या पाटावर बसायला गेलो तर दिगूभाऊंनी माझा हात धरला.

"तिथे नको. तो मोरूचा. तू माझ्या पाटावर बस."

"पण मी मोरूच आहे ना आज?"

"हो, पण माझ्या पाटावरचा."

व्हिडिओवाली मुलगी आली. गोड होती, सगळ्यांना अंकल-आंटी करत होती. आई चिकू निवडू लागली, बायको सोलू लागली, मी आणि जमनाबाई कापू लागलो. माझ्या चकत्या बघून जमनाबाई म्हणाली, "हा भाऊ वापीलाच बरा होता."

मुलीने कॅमेऱ्यातून बघितलं आणि थांबली. "अंकल, मध्ये एक जागा रिकामी दिसतेय. तो पाट काढूया का?"

मी मोजलं. सात माणसं, सात पाट, आणि एक पाट रिकामा. हिशेब जुळत नव्हता, कारण दिगूभाऊ जमिनीवर बसले होते.

"तो राहू दे," ते म्हणाले.

"मग तुम्ही त्यावर बसा ना."

"तो माझा नाही."

"मग कोणाचा?"

आम्ही पाचही जण आपापल्या चिकूकडे बघत बसलो. चारशे पाकिटांचा प्रश्न होता. मी डोळ्यांनी त्यांना खुणावलं, की बसा एकदाचे. दिगूभाऊंनी हात धोतराला पुसले.

"बेटा, ही माणसं शेजारची आहेत. भाड्याने आणलीत. पाट माझ्या भावाचा आहे. ती गोष्ट तुमच्या दुकानासाठी नव्हती. दर दिवाळीला त्याला एक पाकीट पाठवतो. वाचेल, म्हणून मागे छापली."

"मग ते येतात?" मुलीने विचारलं.

"पाकीट पोचतं," दिगूभाऊ म्हणाले.

तिने कॅमेरा बंद केला. जेवायला मात्र बसली. दिगूभाऊंनी सगळ्यांसाठी मडक्यात कंद आणि शेंगा शिजवून उकडहंडी केली होती आणि प्रत्येकाला आग्रह करकरून वाढत होते. जेवणं आटोपली तरी ते "अजून भात आहे" म्हणत उभेच होते.

दुकानाचं उत्तर आठवड्यात आलं. एकट्या माणसाची गोष्ट सणाच्या मालाबरोबर बरी दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. अर्धी बाग ठेक्याने गेली. घरालगतची झाडं त्यांनी ठेवली. पाकिटामागचा मजकूर बदलला: 'जमनाबाई कापते, मी मांडतो. पाट सात आहेत.' खप होता तेवढाच राहिला. दिवाळीत एक पाकीट वापीला जातंच.

आता राहिला हिशेब. त्या रविवारीच संध्याकाळी दिगूभाऊ पैशांची पाच पाकिटं घेऊन आमच्या दारात आले. मी घेतलं नाही, बायकोने घेतलं नाही, मुलींना घेऊ दिलं नाही. जमनाबाईने तर आधीच सांगितलं होतं, "मी त रोजच बसते. मला रोजचंच द्या." आईने मात्र हात पुढे केला. मला लाज वाटली. ते गेल्यावर मी तसं बोललोही.

आई म्हणाली, "फुकट गेले तर पाहुणी. पाहुणी एकदाच जाते. पैसे घेतले की कामाची बाई, उद्या परत जाता येतं."

तेव्हापासून दुपारी ती चिकू निवडायला जाते. त्यांच्या आईच्या पाटावर बसते. जाताना मी कधी डोकावतो. दिगूभाऊ सगळे पाट पुसत असतात, मोरूचा सगळ्यात शेवटी आणि जरा जास्त वेळ.

एकूण ठरले होते पंधराशे. दिले गेले तीनशे, माझ्या आईला. तिने ते अजून मोडलेले नाहीत.