कारल्याचं लोणचं आणि कु. वैष्णवी, एम.ए.

सासूबाईंनी दिलेलं कारल्याचं लोणचं गुपचूप ऑफिसात नेऊन द्यायचं, असा एक साधा निर्णय मी लग्नानंतर चौथ्याच महिन्यात घेतला होता. निर्णय चांगला होता. बारा वर्षं टिकला. (माझे बाकीचे निर्णय बारा मिनिटंही टिकत नाहीत.) माझ्या सासूबाई, चतुराबाई, निफाडजवळ राहतात आणि दर महिन्याला न चुकता एक भरणी पाठवतात. का, तर सासुरवाडीच्या पहिल्याच जेवणात मी घाबरून म्हणालो होतो, "वा! असं लोणचं जन्मात खाल्लं नव्हतं." आणि ते खरंही होतं.

मी शाळेत क्लार्क. भरण्या जायच्या आमच्या शिपायाकडे, गोटीरामकडे. सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या फेब्रुवारीत त्याची बायको भागुबाई आमच्या सिडकोतल्या दारात उभी राहिली. पिशवीत घासूनपुसून लख्ख केलेल्या सहा भरण्या.

"वैनी, लय दिस राहिल्या होत्या. लोणचं काय झ्याक राहतं व तुमच्या आईचं! साहेब दर महिन्याला देत्यात."

माझ्या बायकोनं, अंजलीनं, तिला चहा पाजला, भरण्या फळीवर ओळीनं मांडल्या आणि माझ्याशी अबोला धरला. धरण्याआधी एकच वाक्य बोलली, "येत्या रविवारी नाही जमणार, पण पुढच्या रविवारी निफाडला जाऊन आईला सगळं सांगणार."

आमच्या सासुरवाडीत जावयाला फार मान. मी गेलो की सासरे, सहादूअण्णा, स्वतःच्या खुर्चीवरून उठतात. ती खुर्ची जाणार म्हणून मला भीती वाटली, आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं. चतुराबाई ते लोणचं तीन दिवस राबून करतात.

अशात मोबाइलवर जाहिरात दिसली: घरबसल्या कौटुंबिक समुपदेशन. पहिली भेट मी एकट्यानंच घेतली, शाळेच्या स्टोअररूममध्ये, खडूंच्या खोक्यावर बसून. पडद्यावर वैष्णवी नावाची एक शांत मुलगी होती. "इथं बोललेलं बाहेर जात नाही," असं ती म्हणाली आणि मी सुटलोच. लोणचं तर सांगितलंच. शिवाय सासरे घोरतात, सासूबाईंचा फोन आला की मी 'नेटवर्क नाही' म्हणून कट करतो, आणि मेहुणा महेश द्राक्षांवर बोलायला लागला की मी उघड्या डोळ्यांनी झोपतो, हेही सांगितलं. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं. पुढची भेट दोघांची, म्हणाली.

संध्याकाळी मेसेज आला. "कु. वैष्णवी थेटे, एम.ए. कौटुंबिक बैठक, रविवार सकाळी अकरा. दोन्ही बाजूंनी वेळेवर हजर राहावे." खाली लिंक, वर फोटो. मी तो जसाच्या तसा अंजलीला ढकलला.

इथं अबोला नडला. बोलत असती तर तिनं विचारलं असतं, हे काय म्हणून. महेश चौतीस वर्षांचा. बागायत आहे, सुपारीचंही व्यसन नाही, पण मुलींना पुण्यात फ्लॅट हवा. वर्षभरात सहा ठिकाणी पाहणी झाली, त्यांतल्या दोन मोबाइलवरच. कुमारी, फोटो, शिक्षण आणि दोन्ही बाजू, एवढं एका मेसेजमध्ये आलं की आमच्या माणसांना पुढचं विचारावं लागत नाही. अंजलीनं मेसेज वडिलांना धाडला.

रविवारी ती निफाडला गेलीच नाही. साडेदहालाच चांगली साडी नेसून माझ्या शेजारी येऊन बसली. मी मनात म्हटलं, समुपदेशनाचा गुण आत्ताच दिसतोय! लिंक उघडली. एका चौकटीत वैष्णवी, एकीत आम्ही आणि तिसरीत निफाडचा अख्खा ओटा. टोपी घातलेले सहादूअण्णा, पदर सावरणाऱ्या चतुराबाई, नव्या शर्टात घामाघूम झालेला महेश आणि मागं शेजारपाजार.

"एवढे सगळे?" वैष्णवी म्हणाली. "छान. कुटुंबाचा आधार मोठा दिसतोय."

"पोरी, गाव कोणतं तुझं?" सहादूअण्णांनी विचारलं.

"मूळचं वणी."

"मामकुळ?"

"येवल्याकडचं." (समोरच्याचा विश्वास बसेपर्यंत उत्तरं देत राहायचं, असं त्यांना शिकवतात म्हणे.)

मामकुळ ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सांगायला तोंड उघडलं, पण सांगणार काय? की हे स्थळ नाही, तुमच्या लोणच्याची तक्रार घेऊन मी हिच्याकडे गेलोय?

"घरात भांडण झालं तर तू काय करती व?" चतुराबाई.

"मी कुणाची बाजू घेत नाही. दोघांचं ऐकून घेते."

चतुराबाई शेजारणीकडे वळल्या. "ऐकून घेती म्हणं! अशी पोरगी राह्यली का आता कुठं?"

"महेश, तुम्ही गप्प आहात," वैष्णवी म्हणाली. "तुम्हाला या सगळ्यात काय वाटतंय?"

सहा पाहण्यांत महेशला शेत किती, पाणी किती, एवढंच विचारलं गेलं होतं. तो चौतीस वर्षांचा गडी पडद्यासमोर ढसाढसा रडला. सहादूअण्णांनी टोपी काढून डोळे पुसले. मलाही भरून आलं.

"मोकळं झालात, बरं वाटलं," वैष्णवीनं वही उघडली. "आता मूळ विषयाकडे वळू. योगेश, आपण लोणच्यापासून..."

"पसंत आहे!" मी ओरडलो. "आम्हाला मुलगी पसंत आहे!" आणि लॅपटॉप धाडकन मिटला.

"अहो," अंजली म्हणाली. नऊ दिवसांनंतरचा पहिला शब्द. "माझ्या भावासाठी एवढं शोधून आणलंत? आणि मी भरण्या घेऊन बसले!" तिनं सहाही भरण्या माळ्यावर टाकल्या. आईला काही सांगणार नाही म्हणाली. मी नम्रपणे मान खाली घातली.

पाच मिनिटांत वैष्णवीचा फोन आला. तिनं मला असं झापलं की समुपदेशकांनाही राग येतो हे कळलं. मग महेशला स्वतःच फोन करून, ही बघणी नव्हती, एवढं सांगितलं. महेश माफी मागायला द्राक्षांची पेटी घेऊन वणीला गेला. माफी किती वेळ चालली देव जाणे, दुसरी पेटी गेली, तिसरी गेली, आणि मे महिन्यात लग्न लागलं. "मला आठ जण बघून गेले," तिनं अंजलीला सांगितलं, "पण रडलं कुणीच नव्हतं."

लग्नानंतर निफाडला जेवायला बोलावलं. सहादूअण्णांनी खुर्ची दिली. जावयानं स्थळ आणलं म्हणून माझं कौतुक भावकीत मावेना. वाढायला वैष्णवी. मी तिच्याकडे बघितलं. ती हसली. इथं बोललेलं बाहेर जात नाही, हा शब्द तिनं पाळला होता. पण वहीतलं विसरली मात्र काहीच नव्हती.

"दाजी," ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि ताटात लोणच्याचा पळा उपडा केला. "लाजू नका. तुम्हाला हे किती आवडतं ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आता दर महिन्याला दोन भरण्या पाठवते. आणि रिकाम्या भरण्या तुमच्याच हातानं आणून द्यायच्या हं."

चतुराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते कारल्याचं.

घरी आल्यावर वाटलं, हे दुःख कुणापाशी तरी मोकळं करावं. समुपदेशनाचं ॲप उघडलं. नाशिक जिल्हा, मराठी, रविवारी उपलब्ध. एकच नाव आलं. सौ. वैष्णवी महेश, एम.ए.